नाही म्हणजे कशामुळे नाही?

पडद्यावर पिवळं चित्र दिसलं की तो फोल्डर आणि कोपरा दुमडलेला पांढरा कागद दिसला की ती फाईल, एवढं ज्ञान आज पहिलीतल्या पोरालाही असतं. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली ‘स्टार’ नावाचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या पडद्यावर कागद आणि फोल्डर चित्रांतून मांडले, आणि तेव्हापासून माणसाला या बाबतीत काही शंका उरली नाही. शंका उरली ती प्रोग्रॅमला. त्याला पिवळा रंग दिसत नाही. त्याच्या हातात पडते फक्त अक्षरांची एक ओळ: एक नाव, तिरपी रेघ, दुसरं नाव, पुन्हा तिरपी रेघ, तिसरं नाव. शेवटचं जे नाव आहे ती फाईल की फोल्डर, हे त्याने तेवढ्यावरून ओळखायचं असतं.

नावावरून ओळखावं म्हणाल तर नावात काही नसतं. ‘लग्न.जेपीजी’ या नावाचा फोल्डर खुशाल करता येतो, कोणी अडवत नाही. उलट ‘मेकफाईल’ या सुप्रसिद्ध फाईलच्या नावात टिंब नाही की शेपूट नाही. मॅकवर तर तुम्ही ज्याच्यावर दोनदा टिचकी मारून प्रोग्रॅम सुरू करता, तो बहुतेक वेळा अख्खा फोल्डर असतो. नावापुढे ‘डॉट अ‍ॅप’ लावलं की फाइंडर तो फाईल असल्यासारखा दाखवतो, आणि आतलं पाहायचं तर उजवी टिचकी मारून ‘पॅकेजमधलं दाखव’ अशी वेगळी विनंती करावी लागते.

म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेत हे विचारायची सोय आहे. दिलेला पत्ता फोल्डरचा आहे का? हो किंवा नाही. याहून साधा प्रश्न मला तरी सुचत नाही, आणि गेली पन्नास वर्षं जगातली हुशार माणसं त्याच्या उत्तरात ठेचकाळत आहेत.

आमची साताऱ्याची मावशी दिवाळीला आली होती. फराळाचं ताट पुढे ओढून तिने तपासणी सुरू केली.

“एवढा पगार घेतोस, तर दिवसभर करतोस काय रे नक्की?”

“काल दिवसभर एकच काम होतं. मशीनला विचारायचं, हा फोल्डर आहे का?”

“मग?”

“नाही म्हणालं.”

“म्हणजे फाईल आहे.”

“असेलही. किंवा त्या पत्त्यावर काहीच नसेल. किंवा फोल्डरच असेल, पण तिथवर जायची आपल्याला परवानगी नसेल.”

“आणि या सगळ्याला ते नुसतं नाही म्हणतं?”

“नुसतं नाही.”

मावशीने चकली खाली ठेवली. सातारा-कराड पट्ट्यातली बरीच लग्नं तिच्या डायरीतून जातात. “अरे, मग हे तर ‘पत्रिका जुळत नाही’ झालं!” ती म्हणाली. मुलाकडून तेवढाच निरोप येतो. त्यात पत्रिका खरंच जुळत नाही हे एक कारण असतं. मुलगी पसंत नाही हे दुसरं. मुलाचं परस्पर दुसरीकडे जमलंय हे तिसरं. आणि पत्रिकेचा लिफाफा अजून फोडलेलाच नाही हे चौथं, जे सगळ्यांत जास्त वेळा खरं असतं. “मी तेवढ्यावर फोन ठेवत नाही,” मावशी म्हणाली. “मी विचारते, नाही म्हणजे कशामुळे नाही? कारणावर पुढचं स्थळ ठरतं.”

पायथॉन भाषा रचणाऱ्यांच्या घरी अशी मावशी नसावी. त्यांचं ‘इझडिर’ हे फंक्शन वरच्या सगळ्या परिस्थितींत एकच शब्द उच्चारतं: ‘फॉल्स’. फाईल असली तरी फॉल्स, पत्ताच चुकला तरी फॉल्स, वाटेतल्या एखाद्या फोल्डरने आत येऊ दिलं नाही तरी फॉल्स. शेवटच्या दोन वेळी आत मुळात चूक उद्भवलेली असते, कारणासह उद्भवलेली असते. पायथॉन ती शांतपणे गिळतं आणि तोंड पुसून ‘नाही’ म्हणतं.

जावात आणखी मजा आहे. तिथे या कामासाठी पूर्वापार जो वर्ग आहे त्याचं नावच ‘फाईल’. म्हणजे फोल्डरची चौकशी करायची तर आधी एक ‘नवीन फाईल’ मांडायची आणि मग तिलाच विचारायचं, बाई गं, तू फोल्डर आहेस का? ‘नवीन फाईल’ लिहिल्याने डिस्कवर काहीही नवीन होत नाही, ही गोष्ट नव्या मुलांना पटवताना मास्तर थकतात. पुढे २०११ साली जावाच्या सातव्या आवृत्तीत हे सगळं नव्याने लिहिलं गेलं आणि शहाण्या माणसांनी दोन वेगळी फंक्शनं दिली. एक ‘आहे का?’ विचारणारं, दुसरं ‘नाही ना?’ विचारणारं. सामान्य बुद्धीला वाटेल की एकाचं उत्तर हो आलं की दुसऱ्याचं नाही येणार. परवानगीअभावी तपासच लागला नाही तर दोघांचंही उत्तर ‘नाही’ येतं. आहे का? नाही. मग नाही का? तेही नाही. हे कागदपत्रांत स्पष्ट लिहून ठेवलंय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. अज्ञान कबूल करायला दोन फंक्शनं लागली, पण कबूल केलं.

पीएचपीची तऱ्हा तिसरीच. ‘इझ डिर’ विचारलं की ती उत्तर देते आणि ते लक्षात ठेवते. त्याच पत्त्याबद्दल पुन्हा विचारलंत तर ती डिस्ककडे जातच नाही, मघाचं उत्तर परत ऐकवते. मधल्या वेळात दुसऱ्या कोणी तो फोल्डर उडवला असला तरी पीएचपीच्या मते तो तिथेच नांदतोय. तिची स्मृती पुसायला वेगळं फंक्शन आहे. गो भाषा मात्र उत्तर आणि चूक अशा दोन्ही गोष्टी हातात ठेवते आणि प्रत्येक वेळी चूक तपासायला लावते. गोचे प्रोग्रॅमर तपासणीच्या त्याच तीन ओळी पुन्हा पुन्हा लिहून वैतागतात. मावशी गोच्या बाजूने आहे.

पण हे सगळे ‘नाही’चे घोळ. ‘हो’चा घोळ पाहायचा तर विंडोजकडे जावं लागतं.

विंडोजला एखाद्या पत्त्याचे गुणधर्म विचारले की ती एक आकडा देते. फक्त वाचण्यापुरती वस्तू असेल तर त्यात १ मिळवलेला असतो, लपवलेली असेल तर २, सिस्टिमची असेल तर ४, आणि फोल्डर असेल तर १६. आलेल्या आकड्यात सोळाचा बिट पेटलेला आहे का, एवढं पाहिलं की काम झालं. आता त्या पत्त्यावर काहीच नसेल तर? तेव्हा विंडोज उणे एक देते. उणे एक म्हणजे ‘चूक झाली’ असा संकेत ठरलेला आहे. मात्र यंत्राच्या पोटात उणे एक हा आकडा बत्तीसच्या बत्तीस बिट पेटवून लिहितात. घाईत असलेला प्रोग्रॅमर संकेत विसरतो आणि फक्त सोळाचा बिट बघतो. पेटलेला आहे. म्हणजे फोल्डर आहे! शिवाय तो लपवलेला आहे, सिस्टिमचा आहे, आणि पुढेमागे जेवढे म्हणून गुण निघतील तेवढे सगळे त्याच्यात आधीच आहेत. खऱ्याखुऱ्या फोल्डरला चार गुण मिळवताना मारामार आणि नसलेल्याला बत्तीस. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असं.

त्याच्याही आधी डॉसचा काळ होता. १९८१ सालच्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, सगळा कारभार एका खोलीत. मात्र काही नावं यंत्रांसाठी राखून ठेवलेली होती: कीबोर्ड आणि पडदा मिळून ‘कॉन’, प्रिंटर म्हणजे ‘पीआरएन’, आणि ज्यात काहीही टाकलं तरी नाहीसं होतं तो ‘नल’. नव्वदच्या दशकात ज्यांनी गावातल्या कॉम्प्युटर क्लासची फी भरली त्यांना ‘कॉपी कॉन’ आठवत असेल. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. जुने प्रोग्रॅम ‘पीआरएन’ला लिहून छपाई करत, ते कुठल्याही फोल्डरमध्ये बसून चाललेच पाहिजेत, म्हणून ठरलं की ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये असल्याचं मानायचं. (सरळ तिरपी रेघ तोवर आज्ञांच्या सूचनांसाठी वापरून झाली होती, म्हणून फोल्डरांना उलटी तिरपी आली. ती अजून सरळ झालेली नाही.)

यातून एक अफलातून युक्ती निघाली. डॉसच्या बॅच फाईलमध्ये ‘असेल तर’ ही अट फायलींसाठी चाले, फोल्डरसाठी धड चालत नसे. मग लोक विचारू लागले, ‘डेटा’ फोल्डरच्या आत ‘नल’ आहे का? फोल्डर खरा असेल तर त्यात नल असणारच, कारण तो सगळीकडे असतो. म्हणजे फोल्डर आहे की नाही हे ठरवायला त्याच्यात ‘काहीच नाही’ आहे का असं विचारायचं, आणि ‘काहीच नाही’ सापडलं की समाधानाने पुढे जायचं. वेदान्त शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण का वापरलं नाही, कळत नाही. पुढच्या विंडोजमध्ये युक्तीचा भरवसा राहिला नाही, नावं मात्र राखीवच राहिली.

त्याच राखीव नावांच्या जोरावर इंटरनेट नवीन असताना एक ईमेल भारतभर फिरलं. ‘एका भारतीयाने शोध लावला आहे की कॉन नावाचा फोल्डर जगात कोणालाही करता येत नाही. मायक्रोसॉफ्टची अख्खी टीमही याचं कारण सांगू शकली नाही.’ लोकांनी आपापल्या मशीनवर करून पाहिलं, झाला नाही, छाती दोन इंच फुगली आणि ईमेल पुढे गेलं. कारण डॉसच्या पुस्तकात छापलेलं होतं. पण पुस्तक पुढे पाठवता येत नाही.

खरं तर या सगळ्या भानगडीचं मूळ युनिक्समध्ये आहे, आणि तिथे गोष्ट फारच सुंदर सुरू झाली होती. बेल लॅब्समधल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये फोल्डर हीसुद्धा एक फाईलच होती. युनिक्सवाले तिला डिरेक्टरी म्हणतात. तिच्यात एकेक नोंद सोळा बाइटांची: दोन बाइटांत आतल्या फाईलचा क्रमांक, चौदा बाइटांत तिचं नाव. नाव चौदा अक्षरांपलीकडे न्यायचं नाही, विषय संपला. साध्या फाईलसारखी ती वाचूनही पाहता येई, मधूनमधून नावं आणि मधूनमधून कचरा दिसे. आज असं वाचायला गेलात तर यंत्र नकार देतं आणि कारण म्हणून सांगतं: ‘हा फोल्डर आहे’. म्हणजे आपण न विचारता नेमकं उत्तर मिळालं, फक्त ते शिवीच्या सुरात.

रीतसर विचारायचं तर तिथे ‘स्टॅट’ नावाची सोय आहे. ती देते त्या आकड्यात वस्तूची जातही असते आणि परवानग्याही. अष्टमान पद्धतीत आकडा ४०७५५ आला तर डिरेक्टरी, १००६४४ आला तर साधी फाईल. मागचे तीन अंक परवानग्यांचे, पुढचे जातीचे. वर सांगितलेल्या भाषा युनिक्सवर किंवा लिनक्सवर चालतात तेव्हा शेवटी याच एका आकड्याकडे जाऊन उभ्या राहतात. घोळ उत्तर आणताना होत नाही, उत्तर पोचवताना होतो.

आणि कित्येकदा हा प्रश्न आपण विचारलेलाच नसतो, आज्ञा परस्पर विचारून मोकळी होते. माझ्या एका परिचिताचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या भाच्याला लिनक्सचं वेड. लग्नाचे फोटो एकेक करून ‘बॅकअप’ फोल्डरमध्ये हलवायचा छोटा प्रोग्रॅम त्याने लिहिला. हलवणारी आज्ञा ‘एमव्ही’. तिचा नियम असा की समोरचं नाव फोल्डरचं असेल तर वस्तू आत ठेवायची, आणि नसेल तर वस्तूचंच नाव बदलून ते ठेवायचं. ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर करायचा राहिला होता. त्यामुळे पहिल्या फोटोचं नाव ‘बॅकअप’ झालं. दुसऱ्याचंही ‘बॅकअप’ झालं आणि पहिला पुसला गेला. साखरपुड्यावर हळद आली, हळदीवर मुंडावळ्या, मुंडावळ्यांवर अंतरपाट, अंतरपाटावर सप्तपदी, आणि कुठेही हूं नाही की चूं नाही, कारण आज्ञेच्या दृष्टीने सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. शेवटी ‘बॅकअप’ नावाची एकच फाईल उरली. तिच्यात हात धुवायच्या नळाजवळची रांग होती.

सगळे फोटो एकाच आज्ञेत दिले असते तर तिने ‘समोर फोल्डर नाही’ म्हणून काम नाकारलं असतं. किंवा भाच्याने ‘बॅकअप’पुढे एक तिरपी रेघ ओढली असती तरी भागलं असतं. शेवटी रेघ असली की यंत्र समजतं, इथे फोल्डरच हवा, नसेल तर भांडा. कॅमेऱ्याचं कार्ड अजून पुसलेलं नव्हतं म्हणून ते लग्न वाचलं.

रेघेचं हे माहात्म्य सगळीकडे असतं असंही नाही. अ‍ॅमेझॉनने २००६ साली ‘एस३’ नावाचं गोदाम उघडलं, त्यात फोल्डर ही चीजच नाही. तिथे फक्त वस्तू आणि त्यांची लांबलचक नावं, आणि तिरपी रेघ हे त्या नावातलं एक साधं अक्षर. लोकांना सवय म्हणून पडद्यावर फोल्डर काढून दाखवतात. तिथे ‘फोल्डर आहे का?’ विचारणं म्हणजे ‘या अक्षरांनी सुरू होणारं एखादं नाव आहे का?’ विचारणं. शेवटची वस्तू काढली की फोल्डरही अंतर्धान पावतो. ‘फोल्डर तयार करा’ असं बटण आहे खरं, ते दाबलं की शून्य बाइटांची एक वस्तू तयार होते जिच्या नावाच्या शेवटी रेघ असते.

इतकं होऊन उत्तर खरं आणि सकारण मिळालं तरी ते शिळं असू शकतं. ते कसं, हे कळायला आधी सिमलिंक माहीत हवी. १९८३ साली बर्कलीच्या युनिक्समध्ये ‘सिमलिंक’ आल्या. सिमलिंक म्हणजे ‘मी इथे नाही, तिकडे बघा’ असं लिहिलेली नोंद. तिला ‘तू फोल्डर आहेस का?’ विचारलं तर बहुतेक भाषा ती दाखवेल तिकडे जाऊन तिथलं उत्तर आणतात. दोन सिमलिंकांनी एकमेकींकडे बोट दाखवलं की फेऱ्या सुरू होतात. लिनक्स चाळिसापर्यंत मोजतं आणि मग सोडून देतं.

रस्ट ही भाषा सुरक्षिततेसाठी प्रसिद्ध. तिच्यात अख्खा फोल्डर आतल्या सगळ्यासकट उडवण्याचं फंक्शन आहे. ते शहाणं होतं. उडवण्याआधी पाहायचं, हा खरा फोल्डर आहे की सिमलिंक? खरा असेल तरच आत उतरायचं. पण पाहणं आणि उतरणं यांच्यामध्ये क्षणाचा कितवा तरी भाग जातो. तेवढ्या अवधीत कोणी खोडसाळाने फोल्डर काढून त्या जागी सिमलिंक ठेवली, तर फंक्शन तिच्यावरून भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन तिथला सफाया करेल. प्रोग्रॅम अधिकारी दर्जाचा असेल तर खोडसाळाला स्वतःला ज्याला हात लावता येत नाही तेही. २०१५ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून ही फट होती. जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ ही आवृत्ती काढून ती बुजवली. आता आधी फोल्डर उघडून पकडून ठेवतात, सिमलिंक असेल तर उघडायलाच नकार, आणि मग पकडलेल्याच्याच आत काम करतात.

म्हणून जाणती मंडळी सांगतात, विचारत बसू नका. सरळ काम करा, चूक आली तर निस्तरा. परवानगी मागण्यापेक्षा माफी मागणं सोपं, हे वचन अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या नावावर सांगतात, आणि पायथॉनच्या अधिकृत शब्दसूचीत त्याला मानाचं स्थान आहे. फोल्डर आहे का असं न विचारता तो करायलाच सांगायचं. ‘आधीच आहे’ असं उत्तर आलं तर उत्तम, आपल्याला तेच हवं होतं.

स्टुडिओतल्या भाच्याने हे कुठेतरी वाचलं. पुढच्या लग्नाच्या वेळी त्याने प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘बॅकअप’ फोल्डर करायची आज्ञा घातली, आणि त्यावर जी काय कुरकुर येईल ती परस्पर ‘नल’मध्ये जाईल अशी सोय केली, कारण फोल्डर आधीच असला तर कुरकुर ऐकायची कशाला? आज्ञेने कुरकुर केली. ‘आधीच आहे’, ती म्हणाली. आणि खरंच होती, मागच्या लग्नातली, हात धुवायच्या रांगेची. मग एकेक फोटो नियमाप्रमाणे तिच्यावर येऊन बसत गेला. या खेपेला शेवटच्या फोटोत मंडपवाला होता, खांब उपटताना, आणि कार्ड आदल्या रात्रीच पुसलेलं होतं.